सिमपाय वापरून बघा: इन्व्हर्स लाप्लाससाठी फुकट आणि भारी, पण कंस खाल्लेत तर वाट लागेल

आधीच सांगून टाकते, सिमपाय म्हणजे प्ले स्टोअरवरून घ्यायचं ॲप नाही, फोटो काढला की उत्तर हजर असला प्रकार नाही. पायथनची लायब्ररी आहे, ओपन सोर्स, एक रुपया द्यायचा नाही. २००५ साली ओंद्रेय चेर्तिकने सुरू केली, आता जगभरातले लोक त्यात कोड घालतात, गुगल समर ऑफ कोडमधून आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनीही बरंच काम केलंय त्यात. मी डोंबिवलीत घरी एम-थ्रीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताच्या बॅचेस घेते, मुंबई युनिव्हर्सिटीच्या सी-स्कीम नावाच्या अभ्यासक्रमात पहिलं मॉड्युल लाप्लास (टीमधलं फंक्शन एसमध्ये बदलायची रीत) आणि दुसरं इन्व्हर्स लाप्लास (एसमधून परत टीमध्ये यायची), म्हणजे सेमिस्टर सुरू झालं की घरात दुसरा विषयच नसतो. आणि मुलांचा प्रश्न ठरलेला, मॅडम उत्तर बरोबर आलंय का ते कुठे बघू, पुस्तकात मागे दिलंय ते वेगळंच दिसतंय. म्हणून हा रिव्ह्यू, फक्त या एका कामापुरता. सिमपाय बाकी काय काय करतं त्यात मी शिरत नाहीये.

अजून एक, हे सगळं फोनवर मराठी कीबोर्डवरून टाईप करतेय त्यामुळे एस, टी, ई देवनागरीतच लिहिते. मशीनला देताना अर्थातच इंग्रजी अक्षरं द्यायची.

वापरायचं कुठे? लॅपटॉपवर ॲनाकोंडा असेल तर सिमपाय त्यात येतंच, वेगळं टाकायला नको. नसेल तर गुगल कोलॅब उघडा, तिथेही आधीपासून असतं. आणि लॉगिनचाही कंटाळा असेल तर सिमपाय लाइव्ह म्हणून त्यांचंच पेज आहे, ब्राउझरमध्येच चालतं, पहिल्यांदा लोड व्हायला जरा वेळ घेतं पण फोनवरही उघडतं. तिथे एक गंमत आहे. एक्स, वाय, झेड आणि टी ही अक्षरं तिथे आधीच सिम्बॉल म्हणून घोषित केलेली असतात, पण एस नसतो. म्हणजे आपल्या विषयाचा हिरोच गायब, सरळ एस लिहिलं की नेम एरर. पहिली ओळ एसला सिम्बॉल म्हणून जाहीर करायची, मगच पुढे. आणि कॅपिटल एस वापरू नका, ते नाव सिमपायने स्वतःच्या कामासाठी राखून ठेवलंय, तसंच कॅपिटल आय म्हणजे मायनस एकचं वर्गमूळ आणि कॅपिटल ई म्हणजे २.७१८ वालं ई. कंट्रोल सिस्टिमच्या पुस्तकात बघून कॅपिटल लिहायची सवय असलेल्यांनी विशेष जपा.

आता प्रत्यक्ष गणित. समजा एफ ऑफ एस आहे (३एस^२+५एस+७)/((एस+१)(एस^२+४)). अगदी परीक्षेत येतं तसंच. सिमपायला हे देऊन अपार्ट नावाचं फंक्शन चालवलं की पार्शल फ्रॅक्शन करून देतं, म्हणजे मोठ्या अपूर्णांकाचे छोटे तुकडे, १/(एस+१) अधिक (२एस+३)/(एस^२+४). मग इन्व्हर्स लाप्लासवालं फंक्शन चालवायचं, त्याचं नाव लांबलचक आहे, इन्व्हर्स अंडरस्कोर लाप्लास अंडरस्कोर ट्रान्सफॉर्म, आणि कंसात क्रमाने एफ, एस, टी. उत्तर ई^(-टी) + २ कॉस २टी + (३/२) साइन २टी. माझ्या मते खरा फायदा अपार्टचाच आहे, शेवटच्या उत्तराचा नाही. कारण पोरांची चूक नव्वद टक्के वेळा पार्शल फ्रॅक्शनमध्ये असते, टेबल लावण्यात नसते. नुसतं शेवटचं उत्तर जुळवत बसलात तर कुठे फसलो ते कळतच नाही, अपार्टने दिलेलं तुम्ही हाताने काढलेल्या ए, बी, सी या सहगुणकांशी ताडून बघितलं की लगेच कळतं. वरच्यात कव्हर-अप केलं, म्हणजे (एस+१) झाकून बाकीच्यात एस = -१ ठेवलं, तर वर ३-५+७ म्हणजे ५, खाली १+४ म्हणजे ५, ए आला १. इतकं तोंडी होतं. बी आणि सी काढताना लोक गडबडतात, तिथे अपार्ट धावून येतं.

आता उत्तर स्क्रीनवर येतं ते वर मी लिहिलं तसं साधं येत नाही, प्रत्येकाला हेविसाइड ऑफ टी गुणलेलं असतं. पोरं घाबरतात, मॅडम हे काय आलं. अरे काही नाही, आपला लाप्लास शून्यापासून पुढेच बघतो, शून्याच्या अलीकडे फंक्शन काय करतं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही, म्हणून सिमपाय प्रामाणिकपणे सांगतं की हे उत्तर टी शून्याच्या पुढे असेल तरच. युनिट स्टेप फंक्शनच ते, टी शून्याखाली असेल तर ० आणि पुढे १, नाव फक्त ऑलिव्हर हेविसाइडचं. हा माणूस भारी होता, सोळाव्या वर्षी शाळा सोडली, टेलिग्राफ कंपनीत नोकरी, बाकी सगळं स्वतः शिकला. डी बाय डीटीला सरळ एक अक्षर समजून त्याने भागाकार गुणाकार करायचा सपाटा लावला, त्यावर गणितवाले चिडायचे की हे सिद्ध कुठे केलंयस, आणि त्याची उत्तरं मात्र बरोबर यायची. नंतर ब्रॉमविच नावाच्या गणितज्ञाने काँप्लेक्स इंटिग्रल लावून त्याला पाया दिला. असो, सेकंड शिफ्टिंगच्या गणितात या हेविसाइडचा उपयोग कळतो, ई^(-२एस)/एस^२ दिलंत तर (टी-२) गुणिले हेविसाइड ऑफ (टी-२) येतं, जसं पेपरात लिहायचं तसंच.

तर आता कंसांकडे येते, कारण खरा रिव्ह्यू हाच आहे. ग्रुपवर पोरं गणित टाईप करून पाठवतात ते कसं, ३/एस२+९. यातला २ म्हणजे घात का गुणिले, आणि ९ छेदात का बाहेर, देव जाणे. मी माणूस आहे, मला माहितीये की हे साइन ३टीचं गणित आहे, मी समजून घेते. मशीन समजून घेत नाही, ते लिहिलंय तेच वाचतं. घात नीट दिलात तरी ३/एस^२ एवढंच अपूर्णांक धरतं आणि ९ सुटं ठेवतं. गणिताच्या नियमाप्रमाणे तेच बरोबर आहे, आधी भागाकार मग बेरीज, पाचवीत शिकलोय सगळे. मग उत्तर येतं ३टी आणि शिवाय ९ गुणिले डिरॅक डेल्टा, म्हणजे टी = ० लाच उसळणारा आणि बाकी सगळीकडे शून्य असा झटका. साइनचा पत्ताच नाही. आणि मग मुलगा मला विचारतो मॅडम सॉफ्टवेअर चुकतंय का. सॉफ्टवेअर नाही रे राजा, छेद सगळा कंसात घाल, ३/(एस^२+९), बघ लगेच साइन ३टी.

यातून मी मुलांना एक खूण सांगून ठेवलीय आणि ती फार कामाची आहे. आपल्या सिलॅबसमधली जवळजवळ सगळी गणितं अशी असतात की छेदाची डिग्री अंशापेक्षा मोठी, एस खूप मोठा केला की एफ ऑफ एस शून्याकडे जातो. अशा गणिताच्या उत्तरात डेल्टा येऊच शकत नाही. त्यामुळे उत्तरात डिरॅक डेल्टा दिसला की आधी गणितावर नाही, तुमच्या टायपिंगवर संशय घ्या, कुठेतरी कंस राहिलाय.

पण थांबा, इथे एक छुपा खड्डा आहे. नेटवर सगळे सांगतात की हेविसाइड नको असेल तर टी पॉझिटिव्ह म्हणून जाहीर करा, म्हणजे उत्तर सुटसुटीत येतं. येतं, खरंय. पण टी पॉझिटिव्ह म्हटलं की टी शून्य नाही, आणि टी शून्य नसेल तर डेल्टाची किंमत शून्य. म्हणजे हेविसाइडबरोबर डेल्टाही साफ. वरचं कंस खाल्लेलं गणित दिलंत तर नुसतं ३टी असं छान गुळगुळीत उत्तर येणार आणि तुम्ही ते वहीत उतरवून मोकळे होणार. म्हणून माझा नियम, पहिल्यांदा साध्या टीवर चालवायचं, डेल्टा नाही ना बघायचं, मग हवं तर पॉझिटिव्ह करून नीटनेटकं उत्तर घ्यायचं.

दुसरा खड्डा भागाकारानंतरच्या गुणाकाराचा. १/एस*(एस+४) असं लिहिलंत तर पायथन डावीकडून उजवीकडे जातं, आधी १/एस, मग त्याला (एस+४) ने गुणतं, म्हणजे (एस+४) छेदात जायच्या ऐवजी वर अंशात चढून बसतं. तुम्हाला हवं होतं (१-ई^(-४टी))/४ आणि हातात येतो ४ आणि वर एक डेल्टा. १/(एस*(एस+४)) लिहायचं, दोन कंस जास्त टाकल्याने कोणी पैसे मागत नाही. आणि गुणाकाराचं स्टार गाळायचं नाही. ४एस लिहिलं की सिंटॅक्स एरर. (एस+१)(एस^२+४) लिहिलं की त्याहून विचित्र, ते म्हणतं ॲड ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल. याचा अर्थ असा की पायथनला वाटलं (एस+१) हे फंक्शनचं नाव आहे आणि पुढच्या कंसात त्याचा इनपुट. सेकंड इयरच्या मुलाला हा मेसेज वाचून काय कप्पाळ कळणार.

घाताचं पण सांगते. मी इथे वर टोपी काढतेय वाचायला सोपं म्हणून, पण पायथनमध्ये घातासाठी दोन स्टार लागतात, टोपीचा अर्थ तिथे एक्सॉर, म्हणजे दोन बिट वेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०. गंमत म्हणून पायथनला नुसतं ३^२ विचारा, उत्तर ९ नाही, १ येईल. बायनरीत ११ आणि १० चा एक्सॉर ०१. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पोरांना हे सांगितलं की हसतात, मेकॅनिकलवाले माझ्याकडे संशयाने बघतात. आणि अपूर्णांक, १/३ असं सरळ लिहिलं तर पायथन त्याचं ०.३३३ करून टाकतं आणि मग उत्तरभर दशांशांची रांग. रॅशनल म्हणून फंक्शन आहे ते वापरा.

आता पुस्तकाशी उत्तर जुळत नाही त्याबद्दल. १/(एस^२-४) चं उत्तर पुस्तक म्हणेल अर्धं साइन एच (हायपरबोलिक साइन) २टी, सिमपाय कदाचित ई^(२टी)/४ वजा ई^(-२टी)/४ देईल. दोन्ही एकच. डोळ्यांनी ताडत बसू नका, तुमचं उत्तर वजा सिमपायचं उत्तर असं लिहून सिम्प्लिफाय चालवा, शून्य आलं की विषय संपला. कधीकधी सिम्प्लिफायलाही जमत नाही, मग टी = १ ठेवून दोन्हींची किंमत काढा. आणि मशीन हाताशी नसताना परीक्षेत करायची तपासणी वेगळीच आहे, एस गुणिले एफ ऑफ एस घ्या आणि एस अनंताकडे न्या, जे येईल ते टी = ० ला उत्तराची किंमत असायला पाहिजे. वरच्या मोठ्या गणितात ३एस^३ भागिले एस^३ म्हणजे ३, आणि उत्तरात टी = ० ठेवलं तर १ + २ + ० म्हणजे ३. जमलं. अर्थात हे जमलं म्हणजे सगळं बरोबर असं नाही, साइनचा सहगुणक चुकला तरी ही तपासणी पास होते, पण कॉसच्या नाहीतर ई च्या आकड्यात घोळ असेल तर पाच सेकंदात सापडतो.

कमतरता म्हणाल तर सगळ्यात मोठी ही की स्टेप्स नाहीत. उत्तर देतं, कसं आलं ते सांगत नाही. आणि पेपरात तर मार्क स्टेप्सलाच. मला स्वतःला यात काही वाईट वाटत नाही, उलट बरंय, पण पोरांना नाही आवडत. दुसरं म्हणजे लॉग आणि कॉट इन्व्हर्सवाली गणितं, लॉग((एस+३)/(एस+१)) टाईपची, जी आपल्याकडे हमखास येतात, ती या फंक्शनच्या भरवशावर टाकू नका. काही वेळा सिमपाय प्रश्नच सुंदर करून परत देतं, उत्तर म्हणून. तिथे वहीत करता तेच मशीनकडून टप्प्याटप्प्याने करून घ्यायचं, आधी एसने डिफरन्शिएट करायला सांगा, १/(एस+३) - १/(एस+१) येईल, त्याचा इन्व्हर्स ई^(-३टी) - ई^(-टी), मग वजा टीने भागा, झालं (ई^(-टी) - ई^(-३टी))/टी. तेवढंच शिकणंही होतं.

स्टेप्स देणारी पैशाची ॲप्स आहेत हो बाजारात, नाही असं नाही. एक घेतलंही होतं आम्ही बॅचपुरतं, नाव घेत नाही. फोटो काढा आणि सोडवा. कॅमेऱ्याला एस आणि ५ मधला फरक कळेना, ५^२+९ म्हणजे ३४ करून मोकळं. उत्तर फुकट आणि स्टेप्सना कुलूप, कुलूप उघडायला महिन्याचे पैसे, आणि बंद करायचं बटण सेटिंगच्या कुठल्या कोपऱ्यात दडवलंय ते शोधेपर्यंत पुढच्या महिन्याचे कापले गेले. त्यापेक्षा सिमपाय परवडलं, निदान जे आहे ते तोंडावर सांगतं.

पण कॅमेऱ्याला तरी किती दोष द्यायचा, पेपर तपासणाऱ्यालाही तुमचा एस आणि ५ सारखाच दिसतो. टी आणि अधिकची खूण तर विचारूच नका. सिमपाय वापरणाऱ्या पोरांचं अक्षर सुधारत नाही, ते काही चमत्कार नाही, पण लिहिण्याची पद्धत सुधारते हे मी बघितलंय. पायथनने तीनदा एरर फेकली की कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला हे हाताला कळायला लागतं. मग वहीतही अपूर्णांकाची रेघ पूर्ण छेदाच्या रुंदीची येते, अर्धवट नाही. साइन ३टी/३ असं कोणी लिहिलं तर मी विचारते, ३ ने साइनला भागलंस का आतल्या कोनाला? आतल्या कोनाला भागलं तर ते साइन टी होतं, सगळं गणित गेलं. (१/३) साइन ३टी लिहायचं, आकडा पुढे, फंक्शन मागे. तसंच कॉस २टी ई^(-टी) असं लिहू नये, घाईत तो ई कोनाला चिकटतो, ई^(-टी) कॉस २टी लिहा. वर्गमुळाची छत्री कुठपर्यंत आहे ते स्पष्ट दिसू दे. आणि एल इन्व्हर्स लिहिलं की पुढे महिरपी कंस टाकून त्यात एफ ऑफ एस, नुसतं एलवर -१ लिहून पुढे चार ओळी तशाच ओढायच्या नाहीत, इन्व्हर्स घेऊन झाला तरी एल-इन्व्हर्स ओळीत तसाच चाललेला असतो काहींचा.

मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट टाईप करणाऱ्यांसाठी अजून एक सोय, सिमपायला लॅटेक नावाचं फंक्शन आहे, उत्तर त्यात घातलं की लॅटेकचा, म्हणजे गणित नीट छापायच्या भाषेचा, कोड तयार मिळतो. तो ओव्हरलीफ या लॅटेकच्या वेबसाइटवर चिकटवा, नाहीतर वर्डच्या इक्वेशनच्या चौकटीत, ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबलं की ती उघडते. पुस्तकातल्यासारखं समीकरण येतं. ते व्हॉट्सॲपवरून ढापलेले तिरके धूसर फोटो रिपोर्टमध्ये चिकटवायचं बंद करा बाबांनो.

कोणी घेऊ नये? ज्याला पार्शल फ्रॅक्शन हाताने येतच नाही त्याने आत्ता नको, आधी वही. जुनं व्हर्जन असेल तर अपडेट करून घ्या, या भागात मध्यंतरी बरंच काम झालंय, आधी ते आतून इंटिग्रल सोडवत बसायचं आणि साध्या गणितालाही वेळ खायचं, आता नियमांचा तक्ता धरून जातं त्यामुळे नेहमीची गणितं पटकन होतात. गणितात ए, बी असली अक्षरं असतील, १/(एस^२+ए^२) वगैरे, तर ए पॉझिटिव्ह आहे हे आधी सांगा, उत्तर बरंच साफ येतं.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो स्टेप्स नाहीत म्हणून नाही, त्या ॲड ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबलसाठी. भाऊ, स्टार राहिलाय एवढं सांगायला काय जातं?